बुधवारी बंद

बातमी आली तेव्हा मी घावन घालत होते. बुधवारची सकाळ. आदल्या रात्री मुक्कामाला असलेलं पुण्याचं एक जोडपं पडवीत बसून दुसऱ्या घावनाची वाट बघत होतं, आणि फोन वाजला. बोर्ली पंचतनचा हार्डवेअरवाला बोलत होता. "वैनी, भाऊंना जरा चक्कर आलीय. दवाखान्यात आणलंय. तुमी जरा येता का?" एवढ्याशा बोलण्यात दोनदा 'जरा' म्हणाला, तेव्हाच मी काय ते ओळखलं. मी गॅस बंद केला आणि मग काय केलं असेल? तव्यावरचा घावन काढला, त्या जोडप्याच्या ताटलीत घातला, बाजूला चटणी वाढली आणि म्हटलं, "मला बोर्लीला जाऊन यायचंय, चहा हंसा देईल." आयुष्यभर लोकांना वाढत आलेल्या बाईचे हात मेले असेच. त्यांना बातमी कळायला वेळ लागतो. हंसा आमच्याकडे कामाला येते, आता घरातलीच झाली आहे. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता मिनिडोर रिक्षा थांबवायला रस्त्यावर धावली.

मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. हृदय, म्हणाले डॉक्टर. भर बाजारात, स्कूटरला चावी लावता लावता. हे शांत झोपल्यासारखे दिसत होते, अंगात इस्त्रीचा क्रीम शर्ट. तो शर्ट बघून मला आधी रडू आलं नाही, प्रश्न पडला. बोर्लीला नळाचा वायसर आणायला जाताना हा माणूस इस्त्रीचा शर्ट कशाला घालेल? सकाळी निघताना म्हणाले होते, "आज डबा करू नकोस." मी म्हटलं, "का? उपास धरलायत?" तर म्हणाले, "संध्याकाळी कळेल," आणि किक मारून गेले. एवढ्या वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं हे असं... डब्याचं. कुणी विचारलं, जाताना काय म्हणाले, तर काय सांगायचं, कप्पाळ? नंतर कुणीतरी स्कूटर घरी आणून लावली. डिकीत आमची चटई होती, रिकामा थर्मास होता, दोन कप होते. म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे कुठेतरी जाणार होतो, आणि तिथे डबा लागणार नव्हता. कुठे, ते सांगणारा गेला. दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसांचा राबता होता, येणारा प्रत्येक जण डोळे पुसत होता, मीही पुसत होते, पण डोक्यात एकच चाललेलं होतं. डबा नको म्हणजे कुठे नेणार होतात हो?

आता हे बुधवारचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही उलगडायचं नाही. आमचं घर दिवेआगरला. नारळी-पोफळीची वाडी, वाडीत घर, घरात पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. हे वाडी बघायचे, मी स्वयंपाक आणि फोन. नाव श्रीकांत, पण अख्खा गाव भाऊ म्हणायचा, आणि भाऊंचा हात आखडता आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते स्वतःला काटकसरी म्हणवायचे, मी चिक्कू म्हणायचे. मोडक्या छत्रीच्या काड्या, लग्नपत्रिकांचे पाठकोरे कागद, साबणाच्या चिपट्या, या माणसाने जन्मात काही टाकलं नाही. मी एकदा म्हटलं, तुम्ही मला माहेरी तेवढं टाकलं नाहीत ते याच सवयीमुळे. तर म्हणाले, "चांगली वस्तू आहे, कशाला टाकायची?" रागावायची सोय नव्हती.

लग्न झालं तेव्हा घर माणसांनी भरलेलं. नव्या नवरा-बायकोने जोडीने फिरायला जायचं ही पद्धतच नव्हती. समुद्र वाडीच्या मागे, लाटांचा आवाज चोवीस तास कानात, पण त्या वाळूत मी ह्यांच्याबरोबर पहिल्यांदा पाऊल टाकलं ते आमचा अमेय रांगायला लागल्यावर, आणि तेही सासूबाईंना मध्ये घेऊन. मग ह्यांनी तोड काढली. संध्याकाळी मागीलदारातून हाक मारायचे, "सुनंदा, पाणी फिरवायला ये." पंप सुरू केला की त्याचा असा धडधडाट व्हायचा की दोन हातांवरचं बोलणंही तिसऱ्याला ऐकू जायचं नाही. एका पोफळीच्या आळ्यातलं पाणी दुसरीच्या आळ्यात वळवत आम्ही बोलत राहायचो. "तुला इथे करमतं का?" हा प्रश्न लोकांच्या बायकांना बागेत नाहीतर हॉटेलात विचारतात. मला घोट्याएवढ्या चिखलात उभं करून विचारला, आणि तोही ओरडून, कारण पंप. खर्च काही नाही, वर वाडीचं काम झालं. सासूबाई काही डोळे मिटून बसल्या नव्हत्या. एकदा ताक घुसळता घुसळता शांतपणे म्हणाल्या, "पुरे करा आता पाणी. पोफळी कुजतील." त्यानंतर आठवडाभर मी मागीलदाराकडे फिरकले नाही.

मधली वर्षं कुठे गेली ते विचारू नका. अमेयचं शिक्षण, सासू-सासऱ्यांची आजारपणं, खोल्या बांधायचं कर्ज. आणि कर्ज फिटतंय न फिटतंय तोच ते वादळ आलं आणि एका दुपारीत वाडी आडवी करून गेलं. सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी काड्या मोडाव्या तशा मोडून पडल्या. पत्रे उडाले, ते पार दुसऱ्यांच्या वाडीत सापडले. हे दोन दिवस नुसते पडलेल्या झाडांतून फिरत होते. तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन कामाला लागले. पोफळ लावली की हाताशी यायला वर्षं जातात, तोवर खायचं काय, तर पाहुणे. आणि पाहुणे झाडांच्या आधी परत आले. त्यातही जोडपी फार. एकदा दुपारी पडवीत एक मुलगा बायकोला मोदक फोडून, त्यात तूप सोडून, आपल्या हाताने भरवत होता. मी आमटीचं भांडं घेऊन दारात अडकून पडले. पुढे जावं की मागे यावं कळेना. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं नेहमीप्रमाणे मागच्या पडवीत उरलंसुरलं गार अन्न घेऊन बसलो, तेव्हा मी म्हटलं, "लोक लांबून लांबून आपल्याकडे येतात, प्रेम करून जातात, आणि आपण त्यांच्या चादरी धुतो." हे हाताला लागलेला भात चाटत बसले.

दुसऱ्या दिवशी बघते तर वादळात उडालेल्या पत्र्याचा एक तुकडा घेऊन त्यावर रंगाने काहीतरी लिहिणं चाललेलं. सुरुवातीची अक्षरं ही एवढी मोठी, आणि शेवटी जागा संपली म्हणून मुंगीएवढी. "बुधवारी बंद. मालक मालकिणीला घेऊन बाहेर गेले आहेत." तो बोर्ड फाटकाला टांगला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "अहो, 'बुधवारी बंद' एवढं बस्स आहे. पुढचं पुसा. या वयात काय हे थेर?" तर म्हणाले, "नुसतं बंद लिहिलं तर लोक हाका मारतात. कारण लिहिलं की बिचारे परत जातात." आणि झालंही तसंच. वर गावाला चघळायला विषय मिळाला. बुधवारी देवळात जायची चोरी झाली. "आज कुठं नेतायत?" म्हणून दूधवालासुद्धा विचारायचा.

तर आज कुठे, हे मला कधीच आधी सांगायचे नाहीत. "संध्याकाळी कळेल." मी साडी बदलून, थर्मासमध्ये चहा भरून तयार राहायचं. पहिल्या बुधवारी कुठे नेलं असेल? आमच्याच किनाऱ्यावर, भजीच्या गाडीच्या मागच्या बाजूला चटई टाकली. म्हटलं, मागे का? तर म्हणाले, "वारा या बाजूने येतो. वास पूर्ण मिळतो, भजी घ्यावी लागत नाही." एका ऐन उन्हाळ्यातल्या बुधवारी दुपारीच बोर्लीच्या बँकेत नेलं. तिथे एसी आहे. पासबुक भरायचंय म्हणून आम्ही दोघं गारेगार खुर्च्यांवर बसलो, आणि नंबर आला की हे मागच्याला म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, आम्हाला घाई नाही." बँक बंद व्हायची वेळ आली तेव्हा पासबुक भरलं. त्यात नवीन काहीच नव्हतं. कशाला असेल? येताना खूश होऊन म्हणाले, "शिमल्याला लोक याच्यासाठीच जातात ना?"

दिघीला नेलं तो बुधवार मात्र मी विसरायची नाही. तिथून पलीकडे आगरदांड्याला फेरीबोट जाते. स्कूटर अलीकडे लावायची, नुसतं माणसांचं तिकीट काढायचं, पलीकडे पोचायचं आणि त्याच बोटीने परत यायचं. पलीकडे काही काम नाही, कुणी ओळखीचं नाही. कठड्याला टेकून आम्ही चहा पीत होतो, खाडीवर ऊन कलतं होतं, आणि ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. चारचौघांत. जन्मात पहिल्यांदा. मी इकडेतिकडे बघते आहे तोच बोटीवरच्या एका गाडीतून एक बाई उतरली आणि ओरडली, "अय्या, काकू, तुम्ही इथे? अहो, मागच्या महिन्यात आम्ही तुमच्याकडे उतरलो होतो! आत्ता मोदक मिळतील का हो?" हात कुठल्या कुठे गेला. डब्यात आमच्यापुरत्या साटोऱ्या होत्या, त्या त्यांच्या पोरांनी खाल्ल्या. मी हसून वाढल्या. दुसरं काय करणार?

असे बुधवार चालले होते आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागले होते. पण एक सल होती. फिरायला नेणार हे, आणि डबा करणार मी. सकाळपासून वड्या थापा, थालीपीठं लावा, दशम्या बांधा. म्हणजे इतर दिवशी पाहुण्यांची बडदास्त, बुधवारी ह्यांची. हे मी एकदा बोलून दाखवलं, आणि त्यातून जे घडलं ते आमच्यासारख्या घरातच घडू जाणे.

एके दिवशी फोन आला. पलीकडून एक शिष्ट आवाज, "आम्ही पुण्याहून बोलतोय. येत्या बुधवारी दोघंच येऊ. शांतता हवी. जेवायला उकडीचे मोदक हवेतच, शिवाय वालाचं बिरडं आणि सोलकढी." मी म्हटलं, बुधवारी आमचं बंद असतं. तर म्हणे, तुमच्या मिस्टरांशी बोललोय, ते हो म्हणालेत. माझं डोकंच फिरलं. हे घरी आल्यावर विचारलं तर खाली मान घालून म्हणाले, "घेऊया की एक बुधवार. पैसे बरे देतायत." मला इतकं लागलं म्हणून सांगू... आठवड्यातली एक संध्याकाळ, तीसुद्धा विकली. वर विचारतात कसे, "फोनवर माणूस कसा वाटला गं?" मी म्हटलं, "आगाऊ आहे. नाकात बोलतो. बायको कशी नांदते कुणास ठाऊक." हे मोठ्याने हसले. मला वाटलं, माझ्या जखमेवर मीठ.

त्या बुधवारी मी तोंड फुगवून दिवसभर राबले. वाल सोलले, नारळ खवले, उकड मळली, हंसाच्या मदतीने मोदकांच्या कळ्या काढल्या. समुद्राकडच्या खोलीत नवी चादर घातली. सातला पडवीत दोन पानं मांडली आणि म्हटलं, "आले नाहीत अजून तुमचे पुणेकर." हे आतून आले. क्रीम शर्ट, इस्त्री केलेला, केस पाण्याने बसवलेले. माझ्यासमोर उभे राहिले आणि त्याच नाकातल्या आवाजात म्हणाले, "आलो ना. आम्ही दोघंच."  मग उजेड पडला. बोर्लीतल्या कुणाच्या तरी फोनवरून ह्यांनीच बुकिंग केलं होतं. या पंचक्रोशीत सगळ्यात छान खोली कुठली, तर आपली. सगळ्यात छान जेवण कुठलं, तर सुनंदाच्या हातचं. मग तिला न्यायचं ते आणखी कुठे? हिशेब चोख होता. फक्त मालकिणीला पाहुणी करायच्या नादात तो स्वयंपाक करणार कोण, हे डोक्यातून निसटलं होतं. मी सकाळपासून खपून माझ्याच पाहुणचाराचा स्वयंपाक केला होता.

रडावं की हसावं कळेना. पण ह्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की मी गप पाटावर बसले. एक मोदक पानात घेतला, तूप वाढलं, आणि फाटकाशी गाडीचा हॉर्न. मला संशय येऊ नये म्हणून ह्यांनी त्या दिवशी बोर्ड काढून ठेवला होता ना. एक आख्खं कुटुंब, पोरंबाळं, म्हातारी आई, रस्ता चुकून उशीर झालेला. सवयीचा परिणाम, हे पानावरून उठले आणि म्हणाले, "या, या. गरमगरम मोदक तयार आहेत." मग मी उठले. मग काय, वाढलं. शेवटचा मोदक त्या आजीबाईंनी मागून घेतला. मागच्या पडवीत आम्ही गार बिरडं आणि भात घेऊन बसलो तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याकडे काहीतरी मागितलं. म्हटलं, "मला हॉटेल नको, शिमला नको. माझ्या हातचंही नको. एकदा परक्याच्या हातचं गरम अन्न, समोर आयतं आलेलं, शेवटपर्यंत बसून जेवायचंय. मध्ये न उठता. एवढंच." ह्यांनी पानातला भात संपवला. मग म्हणाले, "जमवतो."

जमवतो म्हणाले खरे, पण खिशाला हात न लावता जमवायचं होतं. म्हणून पुढचे कितीतरी बुधवार आम्ही फुकटच्या जेवणांच्या मागे फिरलो. ह्यांच्या लांबच्या भाचीचं लग्न होतं. पंगतीत माझ्या पानात मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढून झाली, मी पाण्याचं मंडल काढलं, आणि वरून हाक आली, "सुनंदावैनी, तुमचा हात सवयीचा, जरा मठ्ठा फिरवता का?" मठ्ठ्यानंतर भात, भातानंतर जिलबी. शेवटच्या पंगतीला बसले तोवर वरण संपलं होतं.

एकदा तर कहर केला. आमच्या बाजूला कुठलीशी कंपनी प्लॉट विकत होती. गिऱ्हाइकांना एसी गाडीतून न्यायचं, जागा दाखवायची आणि जेवू घालायचं. हे मला पाहुणी करून घेऊन गेले, म्हणजे गिऱ्हाईक. रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या, तो टाय घातलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, किचन सी-फेसिंग येईल." हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "निवड कुठला ते." निवडायला काय लागतं? मी आपली गवतातून फिरत, इथे तुळस, इथे झोपायची खोली, इथे पाहुणे... असं करत गेले. हे गंभीरपणे म्हणाले, "या घरात स्वयंपाकघर ठेवायचंच नाही." रिकाम्या रेघांच्या मध्ये उभं राहून मला भरून आलं. घर आमचं होणार नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं, पण त्या दुपारपुरतं ते बिनस्वयंपाकघराचं घर माझं होतं. मग जेवण. तंबूत रांग, हातात ताटली, उभ्याने. आणि तो वाढपी पोळ्यांच्या चवडीतली खालची गरम सोडून वरची गार वाढत होता, आमटी न ढवळता वरवरचं पाणी ओतत होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, "दे बाबा, पळी इकडे." हे ताटली घेऊन लांब उभे होते, आणि मी मुंबईच्या गिऱ्हाइकांना आमटी वाढत होते. परतताना म्हणाले, "दोष लोकांचा नाही गं. तुलाच बसता येत नाही." मी कडकडून भांडले. पण खरं होतं ते. माझा स्वभावच मेला तसा.

आणि मग तो बुधवार आला, इस्त्रीच्या शर्टाचा.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. अमेय पनवेलला असतो, तो चार दिवस जास्त राहिला. शहाणा मुलगा आहे. म्हणाला, "आई, एक तर सगळे वार सुरू ठेव, हाताशी दोन पैसे राहतील. नाहीतर घर कुणाला तरी चालवायला दे आणि तिकडे ये." मग जरा घुटमळून म्हणाला, "आणि तो बोर्ड... तो आता काढूया ना? लोक वाचतात, बरं दिसत नाही." मालक मालकिणीला घेऊन बाहेर गेले आहेत. खरंच बरं दिसत नव्हतं. मी बोर्ड काढून दाराआड उलटा ठेवला. म्हटलं, बघू. पण मनातून कळत होतं की बुधवार एकदा पाहुण्यांना दिला की तो परत मिळायचा नाही, आणि ह्यांचं जे काही माझ्यापाशी उरलंय ते तेवढंच होतं. वाडी सासऱ्यांची, घर सगळ्यांचं. बुधवार मात्र आमचा होता.

मागच्या सोमवारी हंसा भांडी विसळता विसळता म्हणाली, "वैनी, बोर्लीची नलूताई हाय ना, खानावळवाली, तिनं निरोप दिलाय. बुधवारी सांजच्याला या म्हनली. सुतक सरल्याबिगर बोलायचं न्हवतं म्हनून थांबलीय." मला वाटलं, ह्यांचं काही देणं राहिलं असेल. पण हे आणि खानावळ? माझा विश्वास बसेना.

बुधवारी हंसाला बरोबर घेऊन गेले. नलूताईची खानावळ म्हणजे तिच्या घराचीच पुढची खोली. चार टेबलं, त्यांतलं भिंतीकडचं एक धुऊन पुसून ठेवलेलं, आणि त्यावर केळीची दोन पानं. नलूताई पदराला हात पुसत आली. म्हणाली, "भाऊ आलते त्या सकाळी. म्हनले, नलूताई, आज सांजचं आमची दोन पानं. आज मासळी नको करू. बिरडं कर, तांदळाची भाकरी कर, मोदक येत असतील तर कर, न्हाय जमले तरी चालतील. आनि म्हनले, ती उठेल बघ. पळी मागेल, भाकरी थापते म्हनेल. तिला उठू द्यायचं न्हाय." मग खाली बघत म्हणाली, "पैशे पन देऊन गेले. मी म्हनलं, भाऊ, जेवल्यावर द्या. ऐकलंच न्हाय."

पाहुण्यांकडून आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय खोलीची चावी न देणारा आणि स्वतः कुणाला आगाऊ छदाम न देणारा माणूस. त्याने आधी पैसे मोजले, मग बाहेर येऊन स्कूटरला चावी लावली... मी त्या पानासमोर बसले आणि इतके दिवस नुसतं पुसत होते ते रडू आता धो धो आलं. नलूताईने येऊ दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाली, "दुसऱ्या पानाचं काय करू, वैनी?"

दारात हंसा उभी होती, नेहमीसारखी, चौकटीला टेकून. आमच्याकडे आमची जेवणं झाल्यावर जी जेवते, ती. मी म्हटलं, "बस." ती म्हणाली, "न्हाय वैनी, भाऊंचं पान हाय ते." मी म्हटलं, "भाऊंनी पैसे दिलेत. अन्न वाया गेलेलं त्यांना चालायचं नाही. बस." ती बसली, अगदी कडेला, कधीही उठता येईल अशी.

भाकरी तव्यावरून थेट पानात आली. हाताला चटका बसला, इतकी गरम. नलूताईची थोडी धांदल होत होती, दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला भात हवा होता, आणि माझं ढुंगण खुर्चीवरून उचललं गेलंच. "बसा," नलूताई चुलीजवळून ओरडली, "भाऊंनी सांगितलंय." मी बसले. थोड्या वेळाने हंसा उठायला लागली तर मी ओरडले, "बस गं. उठायचं नाही." शेजारच्या टेबलावरचा माणूस आमच्याकडे बघायला लागला. मोदक जमले होते, पारी अंमळ जाड. बिरड्यात गूळ जास्त पडला होता. मी पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. शेवटपर्यंत बसून. येताना मिनिडोरात, बिरड्याच्या गुळाचं सांगावं म्हणून मी बाजूला वळले, तर तिथे हंसा होती. मग तिलाच सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, पन गरम होतं."

घरी पोचलो तर फाटकाशी एक गाडी उभी. निघताना मी दाराआडचा बोर्ड काढून पुन्हा खिळ्याला अडकवून गेले होते. एक तरुण मुलगा त्याच्यापुढे वाकून मुंगीएवढी अक्षरं वाचत होता. बायको गाडीत बसलेली, दमलेली दिसत होती. मला बघून म्हणाला, "काकू, इथले मालक कधी परत येतील?"

"ते बाहेर गेलेत," मी म्हटलं.

"आणि मालकीण?"

"ती आत्ताच त्यांनी दिलेलं जेवून आली." त्याला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. मी त्याला शेजारच्यांचं घर दाखवलं, तिथे खोली मिळेल म्हटलं. उद्या सकाळी या, घावन करते. आज बुधवार आहे.